कपाशीचा तंतू आणि सत्तर अंशांची फांदी

खान्देशात श्रावण-भाद्रपदात कपाशी फुलावर असते. फूल उमलतं त्याच सुमारास आत कोवळ्या सरकीच्या सालीवरच्या काही पेशी वर फुगतात आणि पुढचे सुमारे वीस दिवस लांबत राहतात. वेचणीत हाती येणारा 28-30 मिलिमीटरचा प्रत्येक तंतू म्हणजे एकच पेशी! शाळेतली ‘द्रवाची पिशवी, मध्ये केंद्रक’ ही आकृती इथं अपुरी पडते. एवढं लांबायचं तर पेशीभिंतीचं सामान ठरल्या जागी पोचायला हवं. ते ज्या दोरांवरून जातं, ते ॲक्टिन या प्रथिनाचे असतात.

ॲक्टिनचे मणी जुळून 7 नॅनोमीटर जाडीचा दोर होतो. अडचण असते ती सुरुवातीची. दोन मणी चिकटले तरी लगेच सुटतात. शिवाय प्रोफिलिन हे प्रथिन सुट्या मण्यांना धरून ठेवतं, म्हणून दोर वाटेल तिथं उगवत नाहीत.

कुठं उगवायचं हे ठरवणारा एक संच म्हणजे सात प्रथिनांचा आर्प-2/3. तो 1994 साली एका अमीबात सापडला. त्यातली आर्प-2 आणि आर्प-3 दिसायला ॲक्टिनसारखीच, पण एरवी एकमेकांपासून दूर असतात. पेशीपटलापाशी पाच प्रथिनांचा वेव्ह संच मिटून बसलेला असतो. पटलावरून इशारा मिळाला की तो उघडतो आणि त्याचं शेपूट एकीकडे सुटा मणी, दुसरीकडे आर्प-2/3 पकडतं. आर्प-2/3 जुन्या दोराच्या कुशीला बसला की त्याचा आकार पालटतो, आर्प-2 आणि आर्प-3 शेजारी सरकतात आणि तीच जोडी नव्या दोराचे पहिले दोन मणी बनते. जी जोडी टिकत नव्हती ती आयती मिळाली! नवी फांदी जुन्या दोराशी सुमारे 70 अंशांचा कोन करते. ती फार लांबली तर पटल ढकलताना वाकेल, म्हणून टोपण घालणारं प्रथिन तिचं टोक बंद करतं. जुने दोर कोफिलिन तोडतं आणि मणी पुन्हा कामाला लागतात.

मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिसमध्ये आर्प-2/3 बिघडला की पानांवरची लव वेडीवाकडी, खुरटी होते. कपाशीच्या ‘लिगॉन लिंटलेस-1’ या प्रकारात तर ॲक्टिनच्या एका जनुकातल्या बदलामुळे प्रथिनात 65व्या जागी ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन येतं आणि तंतू जेमतेम 6 मिलिमीटरवर थांबतो.

धागा लांबवणारं ‘प्रथिन टॉनिक’ कुणी विकायला आलं तर पैसे घालवू नका. फवारलेलं अख्खं प्रथिन पेशीभिंत आणि पटल ओलांडून या दोरांपर्यंत जात नाही. पेशी ताणणारा जोर आतल्या पाण्याच्या दाबाचा असतो. तो टिकवायला पालाश लागतं, आणि त्या वीस दिवसांत पाण्याचा ताण पडला तर लांबी घटते.