पंधरा घरं, एकच वाक्य

रामबागेतल्या आमच्या शेजारच्या आजी पोह्यांवर शेव पेरता पेरता म्हणाल्या, "परवा टीका लावला अन् आज आकडी आली. आणखी काय पुरावा हवा?" (आम्हा इंदूरकरांकडे लस टोचत नाहीत, टीका लावतात; पुण्याचे पाहुणे हसतात.) नातू साडेतीन महिन्यांचा, आता बरा आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं म्हणून मला सुटता आलं असतं. पण कावळ्यानं फांदी कधीच मोडत नाही, असंही नाही ना!

आधी साधा हिशेब. एखाद्या शहरात, लशीशी काडीचाही संबंध नसताना, वर्षभरात 365 तान्ह्या बाळांना पहिली आकडी येते असं धरू. म्हणजे रोज एक. सरकारी वेळापत्रकात पहिल्या वर्षात लशीच्या पाच खेपा असतात: जन्मल्यावर, मग 6, 10 आणि 14 आठवड्यांनी, आणि नऊ महिने झाल्यावर. प्रत्येक खेपेनंतरचे तीन दिवस धरले तर झाले 15 दिवस. तेवढ्यात 15 बाळांना निव्वळ योगायोगानं आकडी येणार आणि पंधरा घरांत आजींचंच वाक्य ऐकू येणार. त्यातलं एकही घर खोटं बोलत नसेल.

आता समजा, मोजल्यावर 15 ऐवजी 40 बाळं निघाली. वरची 25 लशीमुळे, हे उघड आहे. पण ती 25 कोणती? आकडी तर चाळीसही जणांची सारखीच दिसते. प्रत्येकाबद्दल फार तर एवढंच म्हणता येतं, की लस कारण असण्याची शक्यता साडेबासष्ट टक्के. जोखीम दुपटीच्या वर गेली की ही शक्यता निम्म्याहून जास्त होते, आणि भरपाईच्या दिवाणी दाव्यात पारडं झुकायला तेवढं पुरतं. उलट 20 च निघाली असती, तर प्रत्येकाच्या वाट्याला पंचवीस टक्के. मग वीसही जण हरणार, खरोखर लशीमुळे आजारी पडलेली पाच धरून. मला हे नेहमी खुपतं.

क्वचित एखादा आजार स्वतःचा ठसा मागे ठेवतो. तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लशीतला जिवंत विषाणू लाखांत नव्हे, दहा-दहा लाखांत एखाद्याला लुळं करतो. पण मुलाच्या शौचात सापडलेल्या विषाणूचा जनुकीय क्रम वाचला, की तो लशीतला की बाहेरचा हे कळतं.

आणि कधी ठसा भलत्याचाच निघतो. डांग्या खोकल्याच्या जुन्या लशीनं मेंदूला इजा होते, असे दावे ब्रिटन-अमेरिकेत वर्षानुवर्षं चालले. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातले सॅम्युएल बर्कोविक आणि सहकाऱ्यांनी अशा 14 रुग्णांचे जनुक तपासले. 11 जणांत एससीएन1ए या एकाच जनुकात बिघाड होता. पहिल्या आकडीला लशीनंतरचा ताप निमित्त झाला असेल, पण आजार मुलाच्या जनुकातच होता.

अमेरिकेनं 1986 च्या कायद्यानं या गुंत्याला चक्क बगल दिली. भरपाईसाठी एक तक्ताच केला: अमुक लस, अमुक त्रास, अमुक मुदत जुळली की लस कारणीभूत असं गृहीत धरायचं, दुसरं कारण असेल तर ते सरकारनं दाखवायचं. अ‍ॅनाफिलॅक्सिसला, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या तीव्र अ‍ॅलर्जीला, 4 तास. रोटाव्हायरस लशीनंतर आतड्यात आतडं शिरलं तर 1 ते 21 दिवस. भरपाईचा पैसा लशीवरच्या करातून येतो. तक्त्यात न बसणाऱ्यांना 2005 च्या एका निकालानुसार तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: लस असं करू शकते याची वैद्यकीय उपपत्ती, या रुग्णात तसंच घडल्याची तर्कशुद्ध साखळी, आणि काळाचा मेळ.

लशीनंतरच्या त्रासाचं कारण तपासणाऱ्या आपल्याकडच्या छाननी समित्या जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत वापरतात. तिच्यात 'लशीशी सुसंगत' आणि 'योगायोग' यांच्यामध्ये 'अनिश्चित' असाही एक रकाना आहे. न्यायाधीशाला तो रकाना नसतो.

"तुमच्या त्या तक्त्यात आकडी आहे का?" आजींनी विचारलं.

नुसती आकडी नाही, मी म्हटलं. डांग्या खोकल्याच्या लशीनंतर मेंदूचा गंभीर विकार झाला तर आहे; 72 तासांच्या आत.

आजींनी कपाटातून टीक्याचं कार्ड काढलं, चष्मा लावून बघितलं. तारीख होती. वेळ कुणी लिहिली नव्हती.