उन्हाळा आहे म्हणून हवा कमी करू नका

मे महिन्यात समृद्धी महामार्गावर निघण्याआधी नागपुरातले आमचे कितीतरी ग्राहक सांगतात, "ऊन फार आहे, हवा दोन-चारने कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटेल." काळजी खरी आहे, उपाय मात्र उलटा आहे.

हवा कमी असली की टायर रस्त्यावर चपटा बसतो आणि प्रत्येक फेरीला त्याची बाजू दुमडून पुन्हा सरळ होते. ताशी 120 च्या वेगाला हे सेकंदाला साधारण अठरा वेळा घडतं. टायर तापतो तो या दुमडण्याने. ऊन त्यात भर घालतं. असा टायर आम्ही रिमवरून उतरवतो तेव्हा आत रबराचा काळा चुरा निघतो. तो दिसला की पंक्चर काढून देत नाही, टायर बदलायलाच सांगतो. बाहेरून तो चांगला दिसत असला तरीही.

मग हवा किती? ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर स्टिकर असतं, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतं. पुढची, मागची, दोघांसाठीची, पूर्ण भरलेल्या गाडीची हवा त्यावर वेगवेगळी दिलेली असते. सहा जण आणि सामान घेऊन शिर्डीला निघाला असाल तर भरलेल्या गाडीचा आकडा बघा. टायरवर कोरलेला 44 किंवा 51 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हा आकडा कमाल मर्यादेचा आहे, तेवढी हवा भरायची नसते.

हा स्टिकरचा आकडा थंड टायरचा असतो. म्हणून हवा सकाळी तपासा, गाडी किमान तीन तास उभी असताना. वाटेत पंपावर 33 च्या जागी 37 दिसले तर घाबरून हवा सोडू नका. टायर थंड झाला की तीच हवा कमी पडेल. थंडीत उलटं होतं: तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय घटतो. मे महिन्यात भरलेली हवा डिसेंबरच्या सकाळी पुरत नाही.

नायट्रोजन भरायचाच असेल तर भरा, पण साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. महिन्यातून एकदा हवा तपासणं त्याहून महत्त्वाचं.

एकाच टायरची हवा वारंवार उतरत असेल तर व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडे आले तर गाडी घेऊन या. आणि डिकीतली स्टेपनी विसरू नका, तिचीही हवा आम्ही पैसे न घेता तपासून देतो.