रुमॅटिक हृदयरोग

लहानपणी घसा धरतो, त्यामागून संधिज्वर येतो आणि त्या ज्वरात हृदयाच्या झडपांना कायमची इजा होते. त्यातून जडणारा हा विकार. रक्तवाहिन्या तुंबून येणाऱ्या झटक्याहून तो वेगळा आहे; तूप, तंबाखू, कोलेस्टेरॉल यांचा इथे हात नसतो. दाटीवाटीची घरे आणि हाताशी नसलेला दवाखाना यांच्याशी मात्र याचे जुने नाते आहे. युरोप-अमेरिकेत राहणीमान सुधारले तसा तो पेनिसिलिन येण्याआधीच ओसरू लागला होता.

सुरुवात 'अ' गटाच्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे सुजलेल्या घशापासून होते. त्यांच्याशी लढणारी शरीराची प्रतिकारयंत्रणा काही मुलांत, बहुधा ५ ते १५ या वयात, चुकून स्वतःच्याच ऊतींवर उलटते. घसा बरा होऊन दोन-तीन आठवडे झालेले असतात. मग ताप येतो, आज गुडघा सुजतो, परवा घोटा, पुढे कोपर. घरात 'वाढीचं वय आहे, दुखायचंच' म्हणून तेल चोळले जाते. संधिज्वर या नावानेही फसगत होते, कारण सांधे काही दिवसांत पूर्ववत होतात. मागे राहते ती झडपांवरची इजा.

सर्वाधिक मार बसतो तो डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेला. निरोगी माणसात ती ४ ते ६ चौ. सेंमी. उघडते. वर्षानुवर्षे तिच्या पाकळ्या जाड होत, कडेने चिकटत जातात आणि शेवटी माशाच्या तोंडासारखी फट उरते. रक्त मागे फुप्फुसांत तुंबते, जिना चढताना दम लागतो, रात्री उशा रचून झोपावे लागते. पुष्कळ बायकांत हे पहिल्यांदा कळते ते गरोदरपणात, कारण तेव्हा रक्ताचे आकारमान जवळजवळ निम्म्याने वाढते आणि अरुंद झडपेला ते पेलत नाही. ठोके अनियमित झाल्यास डाव्या कर्णिकेत, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यात, रक्ताची गुठळी होऊन पक्षाघातही होतो.

प्रतिबंधाची पहिली संधी घशातच असते: स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग ओळखून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू केले, तर संधिज्वर सहसा टळतो. एकदा ज्वर येऊन गेला की दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन, मोठ्यांना १२ लाख युनिट. झडप बिघडलेली असेल तर ते किमान दहा वर्षे किंवा चाळिशीपर्यंत चालू ठेवतात. औषध स्वस्त आहे. पण ते दुधाळ, दाट द्रावण जाड सुईतूनही अडत अडत जाते, कंबर दिवसभर ठणकते, आणि अ‍ॅलर्जीच्या धास्तीने काही दवाखाने ते टोचायलाच राजी नसतात. पोर हिंडूफिरू लागले की तारखा चुकतात. औषध हाती असूनही रोग पुढे सरकतो तो बहुधा इथेच.

अरुंद झडप फुगा घालून रुंदावता येते; ही पद्धत जपानच्या कांजी इनोए यांनी १९८० च्या दशकात रूढ केली. फारच बिघडलेली झडप बदलतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने घडवलेली देशी कृत्रिम झडप १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसवली गेली. अशी यांत्रिक झडप लागली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, ठरावीक काळाने आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) तपासावा लागतो, आणि गोळीचा असर कमी करणारा मेथी-पालक खायचा तर रोज साधारण सारख्याच प्रमाणात.