धुक्यात अप्पर लावला की रस्ता जातो कुठे?

दाणोली सोडली तेव्हा नुसता पाऊस होता, धुकं नव्हतं. मामाची गाडी, डिकीत उकड्या तांदळाचं पोतं, त्यावर नारळांच्या दोन पिशव्या, मागच्या सीटवर आम्ही तिघं. आंबोलीचा घाट निम्मा चढून झाला आणि एका वळणावर समोरचा रस्ता फडक्याने पुसावा तसा गेला. मामाने मग तेच केलं जे आपण बहुतेकांनी कधी ना कधी केलेलं असतं. दिसत नाही म्हणून अप्पर, म्हणजे दिव्यांचा वर आणि लांब जाणारा झोत लावला. त्यासरशी जो वीस-पंचवीस पावलांचा रस्ता दिसत होता तोही नाहीसा झाला. काचेपलीकडे नुसती दुधाची भिंत.

"अहो, डिपर करा आधी," मामी म्हणाली. तिला गाडी चालवता येत नाही, पण या घाटाने तिने चाळीस पावसाळे ये-जा केली आहे. मामाने डिपर केला, म्हणजे झोत खाली घेतला, रस्त्याची कड परत आली.

जास्त उजेडात कमी दिसावं, हे पहिल्यांदा ऐकताना उलटंच वाटतं. त्याचं उत्तर धुक्यातल्या पाण्यात आहे, आणि ते पाणी किती थोडं असतं ते ऐकून मी स्वतः चकित झालो होतो. एक मीटर लांब, रुंद आणि उंच असा खोका घ्या. शंभरेक मीटरवरचं जेमतेम दिसेल अशा धुक्याने तो भरलेला आहे असं समजा. त्यातलं सगळं पाणी गोळा केलं तर साधारण एक दशांश ग्रॅम भरेल, म्हणजे नळाच्या तोंडाशी लोंबणारे दोन थेंब. पण हे दोन थेंब फुटून त्यांचे सुमारे वीस कोटी कण झालेले असतात. एकेका कणाचा व्यास दहा मायक्रॉनच्या आसपास, केसाच्या जाडीच्या सातव्या हिश्श्याएवढा. दोन अखंड थेंब प्रकाशाच्या वाटेत जेवढी जागा अडवतील त्याच्या साडेचारशेपटींहून जास्त जागा हे वीस कोटी कण मिळून अडवतात. मुसळधार पावसात हवेत पाणी याहून कितीतरी जास्त असतं, तरी आपण बरंच लांबचं पाहू शकतो, कारण ते मोठ्या थेंबांत एकवटलेलं असतं.

आंबोलीतलं धुकं खरं तर ढगच. समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीला अडून वर चढते, वर जाताना थंड होते, आणि रस्ता नेमका त्या ढगाच्या पोटातून जातो. देशावर हिवाळ्यात पहाटे जी धुई पडते तिची जात वेगळी. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन उष्णता सोडून गार पडते आणि तिला टेकलेल्या हवेतली वाफ तिथेच कणांत बदलते. डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या खोऱ्यातले महामार्ग जे धुकं गिळून टाकतं ते याच दुसऱ्या जातीचं. हवामानखात्याच्या भाषेत दृश्यमानता एक किलोमीटरच्या खाली गेली की धुकं, दोनशे मीटरच्या खाली दाट धुकं आणि पन्नास मीटरच्या खाली अतिदाट. दिव्याला मात्र ढग काय आणि धुई काय, कण सारखेच.

या कणांवर प्रकाश पडला की काय होतं याचं गणित जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्टाव मी यांनी १९०८ साली मांडलं. त्यातून एक जुनी समजूत निकालात निघते. पिवळा दिवा धुकं भेदतो, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. आकाश निळं दिसतं कारण हवेचे रेणू प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा फारच लहान असतात आणि निळा प्रकाश जास्त विखुरतात. धुक्याचा कण तरंगलांबीच्या दहा-वीसपट मोठा. तो निळा, पिवळा, लाल असा भेद करत नाही, सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतो. धुकं पांढरं दिसतं ते म्हणूनच. फ्रान्समध्ये तर दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून १९९३ पर्यंत मोटारींचे पुढचे दिवे पिवळेच असावेत असा नियम होता. पिवळ्याचा फायदा असलाच तर डोळ्याला: निळसर पांढरा झोत जास्त बोचतो, पिवळा कमी. धुक्याला त्याचं सोयरसुतक नाही.

आता मामाच्या अप्परकडे. धुक्याच्या कणावर पडलेला बहुतेक प्रकाश पुढेच जातो, पण थोडा हिस्सा जिकडून आला तिकडे परत फिरतो. ट्रेकिंग करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर, पाठीशी सूर्य आणि खाली दरीत ढग असले की आपल्या सावलीच्या डोक्याभोवती गोल रंगीत कडं दिसतं, ते इंद्रवज्र. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने १८३५ साली त्याची नोंद छापली. सूर्याचा प्रकाश ढगातल्या कणांवरून जवळजवळ सरळ उलटा फिरून आपल्या डोळ्यांत येतो म्हणून ते दिसतं. कड्यावर जे इंद्रवज्र, तीच घाटात दुधाची भिंत. फरक इतकाच की इथे सूर्याच्या जागी आपलाच दिवा असतो, आणि परत फिरणाऱ्या प्रकाशाचा मोठा भाग गाडीपुढच्या पहिल्या दहा-पंधरा मीटरांतून येतो. अप्परचा झोत नेमका डोळ्यांच्या रेषेतलं धुकं उजळवतो, आणि उजळलेल्या धुक्याच्या मागचं मंद काही डोळ्याला वेगळं काढता येत नाही.

त्यात एक हिशेब आहे जो दिव्याची कंपनी बदलून चुकवता येत नाही. समजा दृश्यमानता पन्नास मीटर आहे. ढोबळमानाने तिचा अर्थ असा की पन्नास मीटर जाईपर्यंत प्रकाशाचा विसावा हिस्साच सरळ वाटेवर उरतो. आपल्या दिव्याचा उजेड पन्नास मीटरवरच्या कठड्यापर्यंत जाताना एक विसांश उरला, तिथून आपल्या डोळ्यापर्यंत येताना त्याचाही एक विसांश. म्हणजे चारशेत एक. दिवा दुप्पट प्रखर केलात तर परत येणारा उजेड दुप्पट होईल, पण मधल्या धुक्याचा पांढरेपणाही तेवढाच दुप्पट होईल. कठडा जेवढा पुसट होता तेवढाच पुसट. याउलट समोरच्या गाडीचा दिवा आपल्याला दिसतो तो एकाच फेरीत, विसात एक. धुक्यात दिव्याने पाहणं फार महाग पडतं, दिव्याने दिसणं त्या मानाने स्वस्त, आणि फॉग लॅम्प हा प्रकारच या दोन गोष्टी वेगळ्या ओळखून बनवलेला आहे.

पुढचा फॉग लॅम्प बंपरमध्ये खाली बसवतात. धुकं जमिनीच्या थोडं वर तरंगतं, म्हणून दिवा त्याच्या खालून जातो, असं पुष्कळदा सांगितलं जातं. घाटात ढग थेट डांबराला टेकलेला असतो, तेव्हा हे कारण तिथे लागू नाही. खरा फायदा कोनाचा. दिवा डोळ्यांपासून जितका खाली, तितका त्याचा झोत आपल्या नजरेच्या रेषेपासून दूर राहतो. झोत पंख्यासारखा आडवा पसरतो आणि वरच्या बाजूला सुरीने कापल्यासारखा थांबतो. त्याने लांबचं दिसत नाही, दिसावं असा हेतूही नाही. कडेची पांढरी पट्टी, गटार, कठड्याचा पाया, पुढचे पंधरा-वीस मीटर, एवढंच. त्या उजेडात तीसच्या वर काटा नेण्यात अर्थ नाही. ओल्या रस्त्यावर ताशी साठने जाणारी गाडी, ब्रेकवर पाय पडायला लागणारा दीड सेकंद धरून, थांबायला पन्नास मीटरांहून जास्त घेते. ताशी तीसला वीस मीटर पुरतात.

हाच दिवा कोरड्या, स्वच्छ रात्री लावून फिरणारे शहरात पदोपदी भेटतात. गाडी रुबाबदार दिसते, हे मान्य. पण बोनेटपुढचे दहा मीटर लखलखीत झाले की डोळा त्या उजेडाला जुळवून घेतो आणि लांबचं अंधारातलं आणखी हरवतं. रस्ता ओला असेल तर पाण्याच्या आरशावरून खालचा झोत उसळून समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

समोरच्याच्या डोळ्यांत काय घडतं तेही पाहू. डोळ्याचं भिंग काचेसारखं निर्मळ नसतं, त्यातून जाणारा प्रखर प्रकाश थोडा विखुरतो आणि दृष्टिपटलावर पांढुरका पडदा पसरतो. होलाडे आणि स्टाइल्स या संशोधकांनी १९२०च्या दशकात या पडद्याचं माप काढलं. दिव्याची दिशा आणि आपण पाहतोय ती दिशा यांमधला कोन निम्मा झाला की पडदा चौपट दाट. अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाडीचा त्रास एवढा का होतो, ते यात आलं. पुढे वयाचाही हिशेब त्याला जोडला गेला: विशीतल्या माणसाच्या तुलनेत सत्तरीत पडदा दुप्पट, मामाच्या पासष्टीत पावणेदोनपट. झोत गेल्यावरही नजर सावरायला दोन-तीन सेकंद जातात. ताशी पन्नासला तेवढ्यात गाडी तीस-चाळीस मीटर आंधळेपणाने गेलेली असते.

आम्हाला त्या दिवशी समोरून आलेल्या एसटीने दोनदा डिपर मारला. मामा चिडला. "माझा खालीच आहे की!" खालीच होता, पण डिकीतलं पोतं आम्ही विसरलो होतो. डिपरचा झोत दर दहा मीटरला साधारण दहा सेंटिमीटर उतरेल असा लावलेला असतो. मागची बाजू चार-साडेचार सेंटिमीटर दबली की गाडीचं नाक जवळजवळ एक अंशाने वर जातं. पासष्ट सेंटिमीटर उंचीवरच्या दिव्याच्या झोताची वरची धार मग खाली उतरायच्या ऐवजी चढायला लागते आणि पंचाहत्तर मीटरवर सव्वा मीटरच्या आसपास पोचते. समोरून कार आली तर तिथे ड्रायव्हरचे डोळे असतात. पुष्कळ गाड्यांत स्टिअरिंगच्या बाजूला ०, १, २, ३ लिहिलेलं एक छोटं चाक असतं. मामा सहा वर्षं ते एसीचं समजत होता. ते फिरवलं की दिवे खाली झुकतात.

आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, १९८९च्या, यासाठी एक कसोटी घालून दिलेली आहे: दिव्यापासून आठ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला झोताने दिपता कामा नये. जुन्या गाड्यांच्या हेडलाइटवर काळी टिकली रंगवलेली असायची, ती याच चिंतेपोटी. आता टिकली गेली आणि बाजारातून आणलेले एलईडी बल्ब आले. आमच्या गल्लीतल्या एका दुकानदाराने माझ्याही गाडीत असे बसवून दिले होते, 'वॅट कमी, फोकस डबल' म्हणून. हॅलोजनचा परावर्तक काही मिलिमीटरच्या एका तारेभोवती आखलेला असतो. त्या तारेच्या जागी चपट्या पट्टीवरचे एलईडी आले की उजेड वाढतो, पण धार विस्कटते आणि झोत वर सांडतो. महिन्याभरात काढून टाकले, पैसे पाण्यात.

मागचा फॉग लॅम्प ही आणखी वेगळी वस्तू. तो पाहण्यासाठी नाहीच, निव्वळ दिसण्यासाठी. साध्या लाल टेललाइटची तीव्रता चार ते सतरा कँडेलाच्या घरात, तर याची दीडशे ते तीनशे. अतिदाट धुक्यात मागून येणाऱ्याला तो आधी दिसतो, पण धुकं विरलं की तोच मागच्याच्या डोळ्यांत खुपतो आणि त्याच्या शेजारी ब्रेकलाइट पेटला तरी कळत नाही. जर्मनीत तो दृश्यमानता पन्नास मीटरच्या खाली गेल्यावरच लावता येतो, आणि तेव्हा वेगही ताशी पन्नासच्या वर न्यायचा नाही. तिथे रस्त्याकडेचे खांब सहसा पन्नास-पन्नास मीटरवर असतात, त्यामुळे पुढचा खांब दिसेना झाला की दिव्याची वेळ झाली. ब्रिटनमध्ये मर्यादा साधारण शंभर मीटरची, आणि हवा मोकळी झाली की तो बंद करणं सक्तीचं. आपल्याकडे अशा धुक्यात चारही इंडिकेटर लावून चालत्या गाडीने जायची पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. मागच्याला गाडी उभी आहे की चालतेय तेच कळत नाही, आणि वळणावर इंडिकेटर द्यायची सोय संपते.

वेगाबद्दल एक गमतीदार वाद आहे. १९९८ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की दृश्याचा उठाव (कॉन्ट्रास्ट) कमी केला तर माणसाला आपण हळू चाललोय असं वाटतं, आणि तो नकळत पाय दाबतो. हे निष्कर्ष वर्षानुवर्षं सांगितले गेले. मग २०१२ साली जर्मनीत टुबिंगेनच्या संशोधकांनी आक्षेप घेतला: आधीच्या प्रयोगात सगळं दृश्य सारखंच फिकट केलं होतं, खरं धुकं तसं नसतं, जवळचं स्पष्ट आणि लांबचं पुसट असतं. तसं धुकं पडद्यावर उभं केल्यावर लोकांना वेग होता त्याहून जास्त वाटला, आणि त्यांनी गाडी हळू केली. माझा कौल दुसऱ्या प्रयोगाला, पण काट्याकडे नजर टाकायला दोन्ही बाजूंची हरकत नसावी.

आंबोली मागे पडली. आजऱ्याच्या वाटेवर आकाश मोकळं झालं, दोन्ही बाजूंना भाताची खाचरं दिसायला लागली. मागून एक जीप बराच वेळ डिपर मारत होती. पुढेही जात नव्हती, अंतरही कमी करत नव्हती. मामाने आरशात पाहिलं, "याला काय झालंय?" मी पुढे वाकून डॅशबोर्ड पाहिला. काट्यांच्या मधोमध एक छोटं नारिंगी चिन्ह पेटलेलं होतं: दिवा, त्याच्या तीन आडव्या रेघा आणि त्यांना छेदणारी नागमोडी रेघ.