मॉरिस नाचाच्या रांगेत जागा कोणाला?

इंग्लंडमध्ये आपल्या गावच्या मॉरिस या पारंपरिक लोकनाचाच्या गटात शिरायला आज फार काही लागत नाही. हिवाळ्यात सरावाच्या संध्याकाळी गावातल्या हॉलवर जायचं. कोणीतरी हातात जाडसर दांडकं देतं आणि तीन-तीन जणांच्या समोरासमोरच्या दोन ओळींत जागा करून देतं. हातात धरून वाजवायची पेटी सुरू होते, समोरच्याचं दांडकं आपल्या दांडक्यावर आदळतं, आणि तासाभराने पाहावं तर जमिनीवर लाकडाच्या ढलप्या पडलेल्या असतात. नडगीवर घुंगरांचे पट्टे बांधून, पांढरे रुमाल उडवत चौकात नाचणं ही पुढची पायरी. गटाला तिथे ‘साइड’ म्हणतात. प्रमुख तो ‘स्क्वायर’, नाच शिकवणारा ‘फोरमन’ आणि पत्रव्यवहार बघणारा ‘बॅगमन’. बहुतेक साइड नवख्यांना आनंदाने घेतात, बाई असो की पुरुष.

हा मोकळेपणा फार जुना नाही. विसाव्या शतकात हा नाच ज्यांनी गावोगाव पोचवला त्या बायकाच होत्या, आणि पुढे त्यांनाच बाहेर ठेवण्यात आलं. मॉरिसच्या इतिहासातली ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते.

मॉरिस हा ख्रिस्ती धर्माच्याही आधीचा, पिकापाण्यासाठी केला जाणारा विधी, असं बरीच वर्षं सांगितलं गेलं. कागदपत्रांत त्याला आधार नाही. इंग्लंडमधली सर्वांत जुनी ज्ञात नोंद १४४८ सालची आहे: लंडनच्या सोनारांच्या संघाने मॉरिस नाचणाऱ्यांना ७ शिलिंग दिले. नाव बहुधा ‘मूरिश’ (उत्तर आफ्रिकेतल्या मूर लोकांचा) या शब्दावरून आलं. दरबार आणि शहरातल्या मिरवणुकींतून हा नाच खेड्यांत उतरला. चर्चच्या खर्चासाठी बीअर करून विकायची, त्यासाठी जत्रा भरायची आणि तिथे मॉरिस रंगायचा.

शेक्सपिअरच्या नाटक मंडळीत काम केलेला विदूषक विल केम्प १६०० साली लंडनहून नॉर्विचपर्यंत मॉरिस नाचत गेला. नाचाचे दिवस नऊ. ही हकिगत त्याने स्वतः लिहून छापली. सडबरी गावात एक दांडगा खाटीक त्याच्याबरोबर निघाला आणि अर्ध्या मैलात धापा टाकत थांबला. बघ्यांतली एक गावची पोर खाटकाला नाही नाही ते बोलली, केम्पने दिलेले घुंगरू तिने बांधले आणि पुढचा मैलभर ती त्याच्या बरोबरीने नाचली. मॉरिस हा मूळचा पुरुषांचाच नाच, असं कोणी म्हटलं की मला ही पोर आठवते.

सतराव्या शतकात प्युरिटन, म्हणजे कडव्या सोवळ्या ख्रिस्ती, मंडळींनी या नाचावर डूख धरला. त्यांची सत्ता जाऊन राजेशाही परतल्यावर तो पुन्हा सुरू झाला, पण एकोणिसाव्या शतकात माणसं खेडी सोडून जाऊ लागली तसे गट एकेक करून विस्कटले. बॅम्प्टन, ॲबिंग्डन अशी थोडीच गावं टिकून राहिली.

२६ डिसेंबर १८९९ या दिवशी ऑक्सफर्डजवळ हेडिंग्टनला संगीतशिक्षक सेसिल शार्प सासुरवाडीला उतरले होते. घरासमोर हेडिंग्टन क्वारीचे मॉरिस नाचणारे आले. खरं तर हा त्यांचा हंगाम नव्हे. पण कडाक्याच्या थंडीने बांधकामं बंद पडली होती आणि चार पैसे मिळवायचे होते. त्यांच्यातला विल्यम किम्बर हा गवंडी कन्सर्टिना, म्हणजे दोन्ही हातांत धरून वाजवायची छोटी षटकोनी पेटी, वाजवत होता. शार्पनी त्याच्याकडून चाली उतरवून घेतल्या, आणि मग काही वर्षं त्या तशाच पडून राहिल्या.

त्यांना पाय फुटले ते मेरी नील यांच्यामुळे. लंडनमध्ये कपडे शिवणाऱ्या कामगार मुलींसाठी त्या ‘एस्पेरान्स क्लब’ चालवत. १९०५ साली त्यांनी शार्पना विचारून किम्बरचा पत्ता मिळवला आणि त्याला व त्याच्या नातलगाला लंडनला बोलावलं. दिवसभर सुई चालवणाऱ्या त्या मुलींनी नाच झपाट्याने उचलला, आणि थोड्याच दिवसांत त्या गावोगाव जाऊन तो शिकवू लागल्या. खेड्यातला नाच खेड्याला परत गेला तो शहरातल्या शिवणकाम करणाऱ्या पोरींकडून.

पुढे नील आणि शार्प यांचं फाटलं. शार्पना पावलांची शुद्धता हवी होती आणि प्रशिक्षित शिक्षक हवे होते. नील यांना नाचातला आनंद आणि जोम मोलाचा वाटे. त्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतही होत्या. १९११ साली शार्पनी ‘इंग्लिश फोक डान्स सोसायटी’ काढली, तर पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर एस्पेरान्स क्लब बंद पडला. त्या युद्धाचा घाव शार्पनाही बसला. त्यांच्या प्रात्यक्षिक पथकातले चार तरुण, संगीतकार जॉर्ज बटरवर्थ त्यांतलेच एक, १९१६ साली लढाईत मारले गेले. युद्धानंतर हे नाच मोठ्या प्रमाणावर बायकांनीच शिकवले आणि टिकवले.

१९३४ साली सहा गटांनी मिळून ‘मॉरिस रिंग’ स्थापन केली, तीही फक्त पुरुषांच्या गटांसाठी. बायका नाचत राहिल्या, पण संघटनेत त्यांना दार बंद. शेवटी १९७५ साली त्यांनी स्वतःची ‘विमेन्स मॉरिस फेडरेशन’ उभी केली. तिच्या नावातला ‘विमेन्स’ पुढे गळला आणि ती सर्वांसाठी खुली झाली. १९७९ साली ‘ओपन मॉरिस’ आली. आजही या तीन संघटना दिसतात त्या या भांडणामुळे. रिंगने बायकांच्या आणि मिश्र गटांना सदस्यत्व खुलं केलं ते २०१८ साली, म्हणजे स्थापनेनंतर तब्बल ८४ वर्षांनी.

आणखी एक अडसर होता तोंडाला काळं फासण्याचा. वेल्सच्या सीमेकडच्या शैलीत नाचणारे काही गट तसं करत. कृष्णवर्णीयांना ते किती बोचत असेल, याचा विचार बराच काळ झाला नाही. २०२० साली तिन्ही संघटनांनी मिळून ही प्रथा थांबवण्याची भूमिका घेतली. आता अनेक गट त्याऐवजी हिरवा, निळा, जांभळा असे रंग लावतात.

सराव साधारण शरद ऋतूत सुरू होतो. ऑक्टोबरमध्ये हॉलवर गेलेल्या नवख्याला हिवाळाभर पावलं घोटता येतात. १ मे रोजी अनेक साइड अंधारातच टेकडीवर किंवा नदीकाठी जमतात, कोणी घुंगरांचे पट्टे आवळून बांधत असतं, कोणी गार पडलेल्या बोटांनी पेटी उघडत असतं, आणि सूर्य वर येताच पहिला नाच सुरू होतो.