वीस बाटल्या पाणी आणि एक अणुबॉम्ब

‘फॉलआउट ३’ या २००८ सालच्या गेममध्ये मेगाटन नावाची वस्ती आहे. वस्तीच्या मधोमध न फुटलेला अणुबॉम्ब पडलेला असतो. तो निकामी केला तर खेळाडूच्या खात्यात २०० ‘कर्मा’ जमा होतात, सुपारी घेऊन उडवला तर १००० वजा. तहानलेल्या भिकाऱ्याला शुद्ध पाण्याची एक बाटली दिली की ५० मिळतात. म्हणजे अख्खी वस्ती भाजून काढा, मग वीस बाटल्या वाटा, हिशेब चुकता! शब्द आपल्या ओळखीचा, पण केलेलं कर्म भोगूनच संपतं असं आपण मानतो; इथे ते दुसऱ्या कर्मातून वळतं करता येतं.

याचं कारण साधं आहे. प्रोग्राममध्ये त्यासाठी एकच आकडा ठेवलेला असतो, उणे १००० ते अधिक १०००. त्या आकड्याला बेरीज कळते, पण कोणाचं काय बिघडलं हे त्यात उरत नाही.

नीतीला आकडा चिकटवला की माणसाचं वागणंही बदलतं. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांवरचा एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना १० शेकेल दंड लावला, तर उशीर कमी होण्याऐवजी जवळपास दुप्पट झाला. आधी शिक्षिकेला ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची. दंड आल्यावर ती विकत घेतलेली सेवा झाली. दंड रद्द केल्यावरही उशीर तसाच राहिला.

गेममध्ये नेमकं हेच होतं. ‘मास इफेक्ट २’मध्ये (२०१०) समजावण्याचे किंवा दटावण्याचे खास संवाद त्या-त्या वागण्याचे पॉइंट पुरेसे असतील तरच खुले होतात. मग खेळाडू सुरुवातीलाच एक बाजू धरतो आणि पुढे वाक्य न वाचता त्याच बाजूचं उत्तर निवडत जातो. ‘बायोशॉक’मध्ये (२००७) लहान मुलीला मारलं तर १६० ‘ॲडम’ (शक्ती विकत घेण्याचं चलन) मिळतात, वाचवलं तर ८०. मोह खरा वाटतो. पण दर तीन मुली वाचवल्यावर २०० ॲडमची भेट येते. २१ मुलींचा हिशेब मांडा: मारून ३३६०, वाचवून ३०८०. फरक जेमतेम २८०, त्यामुळे चांगुलपणासाठी काही सोसावंच लागत नाही.

‘द विचर’ने (२००७) वेगळी वाट धरली, आणि ती मला सर्वांत प्रामाणिक वाटते. नदीकाठी बंडखोरांना पेट्या नेऊ द्यायच्या की नाही, एवढाच प्रश्न. पॉइंट नाहीत. पुढच्या प्रकरणात तपासाला उपयोगी पडणारा एक माणूस त्या पेट्यांतल्याच शस्त्रांनी मारला गेलेला सापडतो. मधे कित्येक तास गेलेले असतात, त्यामुळे जुना सेव्ह (आधी साठवलेला खेळ) लोड करून चूक पुसणं परवडत नाही.

स्वतःचा छोटा गेम लिहिणाऱ्यांनी ‘कृती’ आणि ‘हेतू’ यांची वेगळी नोंद ठेवावी. औषधाची एकच बाटली आहे, आजारी दोघं. खेळाडूने ती म्हातारीला दिली. लगेच एखाद्या पात्राने विचारावं, “तिलाच का दिलीस?” दया, जुनं ऋण, की तिच्या मुलाची मर्जी? उत्तर एका व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रामने लक्षात ठेवलेल्या नोंदीत) ठेवा, पडद्यावर आकडा दाखवू नका. अर्ध्या तासाने तो मुलगा भेटेल तेव्हा त्याचं बोलणं त्या हेतूवरून ठरू द्या. मात्र दर वेळी कथेला नवे फाटे फोडू नका: दोन पर्यायांचे दहा प्रश्न म्हणजे १०२४ वाटा. प्रसंग तोच ठेवून दोन-चार वाक्यं बदलली तरी पुरतं.

मग पाच जणांना खेळायला द्या आणि बाटली दिल्यावर कारण विचारा. “जास्त काय मिळेल ते पाहिलं” असं उत्तर आलं, तर त्या प्रसंगातलं बक्षीस काढून टाका आणि पुन्हा खेळवून बघा.