पुलावर की पुलाखाली?

मुंबईत जे. जे. उड्डाणपुलावर चढून दोन मिनिटंही झाली नसतील, तोच फोनमधून आवाज आला, "शंभर मीटरवर डावीकडे वळा." डावीकडे पुलाचा कठडा आणि कठड्यापलीकडे कुणाच्या तरी गॅलरीत वाळत घातलेले कपडे. शेजारी बसलेली आई अस्वस्थ झाली. "अरे, ती वळायला सांगतेय ना? मग वळ की." मी म्हटलं, "आई, ती खालच्या रस्त्याबद्दल बोलतेय. आपण पुलाखाली आहोत असं तिला वाटतंय." त्यावर आईने विचारलं, "वरून उपग्रह बघतोय ना आपल्याला? मग त्याला एवढा मोठा पूल दिसत नाही?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण बहुतेकांच्या मनात जीपीएसचं हेच चित्र असतं. प्रत्यक्षात उपग्रह काहीच बघत नाही. आपली गाडी त्याच्या गावीही नसते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून तो फक्त स्वतःची वेळ आणि स्वतःची जागा सांगत राहतो, आकाशवाणीने अखंड वेळ सांगत राहावी तसा. ऐकायचं काम फोनचं. संदेश निघाला कधी आणि पोहोचला कधी, यातला फरक सेकंदाच्या पंधराव्या भागाइतका असतो. त्याला प्रकाशाच्या वेगाने गुणलं की उपग्रहापर्यंतचं अंतर मिळतं. अशी तीन अंतरं कळली की जागा ठरायला हवी. पण फोनमधलं घड्याळ साधं असतं आणि सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची, म्हणजे एका मायक्रोसेकंदाची चूकही अंतरात ३०० मीटरचा फरक पाडते. म्हणून चौथा उपग्रह लागतो. त्याच्या मदतीने फोन स्वतःच्या घड्याळाची चूकही शोधून काढतो.

उपग्रहांवर अणुघड्याळं असतात, आणि तीही तशीच ठेवून चालत नाही. तिथे गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून ती दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. उरलेले ३८ मायक्रोसेकंद जमेस धरले नाहीत, तर एका दिवसात अंतराची चूक ११ किलोमीटरच्या घरात जाईल. गुरुत्वाकर्षणाने आणि वेगाने घड्याळाची चाल बदलते, हे सांगणारा सापेक्षतेचा सिद्धांत आपण रोज डॅशबोर्डवर लावून फिरतो, याचं मला आजही नवल वाटतं.

इतकं सगळं सांभाळूनही पूल का कळत नाही? कारण जीपीएसची उंची मोजण्याची बाजू मुळातच कमजोर आहे. पूर्व-पश्चिम, दक्षिण-उत्तर अशा चारही दिशांना उपग्रह असतात. एका बाजूच्या चुकीला दुसऱ्या बाजूचा उपग्रह आवर घालतो. उंचीच्या बाबतीत मात्र सगळे उपग्रह आपल्या वर. खालून आवर घालणारा कुणी नाही, कारण पायाखाली अख्खी पृथ्वी आडवी आहे. मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन आपली जागा साधारण पाच मीटरच्या आत सांगतो. उंचीतली चूक त्याच्या दीडपट-दुप्पट असते. आणि उड्डाणपुलाची उंची? सहा-सात मीटर. म्हणजे पूल त्या चुकीतच विरघळून जातो.

जे. जे. पुलाची गोष्ट तर आणखी अवघड. खाली मोहम्मद अली रोड, वर तंतोतंत त्याच वाटेने जाणारा पूल आणि दोन्ही बाजूंना हात लांब केला तर लागतील अशा इमारती. उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो, त्याची वाट लांबते आणि फोनला उपग्रह दूर असल्याचा भास होतो. उंच इमारतींच्या गल्लीत निळा ठिपका शेजारच्या रस्त्यावर उडी मारतो, तो यामुळेच.

आपण मात्र ही थरथर फारशी पाहत नाही, कारण अ‍ॅप ती झाकतं. गाडी रस्त्यावरच असणार असं गृहीत धरून ते ठिपका जवळच्या रस्त्यावर ओढून बसवतं. कोणत्या रस्त्यावर, हे ठरवताना आधीच्या काही सेकंदांचा माग, दिशा आणि वेग पाहतं. एकावर एक रस्ते असले की दिशा सारखी, माग सारखा, आणि मग अंदाज चुकतो. पुलावर चढण्याआधीच "पूल घ्या" असं सांगणं हा त्यातल्या त्यात बरा उपाय, आणि आता अ‍ॅप तो करू लागली आहेत. मी तर पुलाच्या तोंडाशी आवाजाऐवजी पाटी वाचतो. दुचाकीवाल्यांना तर ते करावंच लागतं, कारण जे. जे. पुलावर त्यांना बंदी आहे.

बोगद्यात उलटी तऱ्हा. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरचा भाताण बोगदा किलोमीटरभर लांब. ताशी नव्वदच्या वेगाने तो पार करायला चाळीस सेकंद लागतात आणि तेवढा वेळ फोनला एकही उपग्रह ऐकू येत नाही. तरी ठिपका चालत राहतो, कारण फोन शेवटच्या वेगावरून आणि आतल्या संवेदकांवरून अंदाज बांधतो. वेगातला बदल मोजताना अगदी बारीक चूक झाली, समजा ०.१ मीटर प्रतिसेकंद वर्ग, तरी चाळीस सेकंदांत ती ८० मीटर होते. बोगद्यात ट्रकांची रांग लागली असेल, तर ठिपका आपल्याला सोडून पुढे बाहेरही पडतो.

या सगळ्या जागेच्या चुका. लोक ज्यांना "जीपीएसने फसवलं" म्हणतात, त्या बहुधा वेगळ्या असतात. जीपीएस फक्त "तू इथे आहेस" एवढंच सांगतं. रस्ता कुठे आहे हे नकाशा सांगतो आणि कुठून जायचं हे गणित ठरवतं. त्या गणिताचं मूळ १९५६ सालचं. रोटरडॅमहून ग्रोनिंगेनला जायची सर्वांत जवळची वाट कशी काढावी, हे डच संगणकतज्ज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी अॅम्स्टरडॅमच्या एका कॅफेत बसून वीस मिनिटांत सोडवलं होतं. आज अंतराच्या जागी वेळ आली, वाहतुकीची ताजी माहिती आली, पण गणिताला जे आकडे द्याल तेवढंच त्याला कळतं. दोन मिनिटं वाचतात म्हणून ते तुम्हाला अशा बोळात घालेल, जिथे समोरून टेम्पो आला की कुणीतरी मागे जायलाच हवं. बोळाची रुंदी त्याला कुणी सांगितलेलीच नसते.

आणि रस्त्याचा ऋतूही. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात, रात्रीच्या वेळी, अ‍ॅपने दाखवलेल्या वाटेने एक मोटार धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली आणि चालकाचा बुडून मृत्यू झाला. उपग्रहांनी त्या गाडीची जागा बरोबरच सांगितली असणार. नकाशातला पूलही खोटा नव्हता, तो वर्षातले बरेच महिने खरोखर वापरात असतो. कमी होती ती एका नोंदीची. गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असलेली ही गोष्ट नकाशाला ठाऊक नव्हती, हे मला अजून सलतं.

आपल्याकडे असे पूल शेकड्याने आहेत. आषाढात ज्यांच्यावरून पाणी जातं अशा फरश्या, दरड कोसळली की बंद होणारे वरंधासारखे घाट. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात रस्त्यावर "पूर येतो" अशी खूण करायची सोय आहे आणि ती कुणालाही करता येते. सगळी अ‍ॅप तो नकाशा वापरत नाहीत. तरी गेल्या पावसाळ्यात आमच्या गावच्या ओढ्यावरच्या फरशीला मी ती खूण केली. आईला शेजारी बसवून, फरशी नेमकी कुठे सुरू होते आणि पाणी कोणत्या दगडापर्यंत चढतं, हे तिला विचारून.